इरा अलीकडेच राहिली

पूर्णिमानं साखर सोडली त्या दिवशी शेजारच्या जयाबाईंनी तिची अलाबला घेतली, कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाल्या, "केवढं पोर आणि केवढं वैराग्य! गोमटेशच्या पोटी रत्न आलंय बघा, कांताक्का."

माझ्या आईनं नुसती मान हलवली. मी ओट्यापाशी दोडका चिरत होते, ती चिरत राहिले. दहा वर्षांच्या पोरीनं साखर सोडली यात रत्न कसलं आलं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. आणि काही वाटत नसलं की भांडायलाही अंगात जोर येत नाही, हे मला तेव्हा नव्यानं कळलं.

माघात माझा थोरला भाऊ गोमटेश, श्रद्धावहिनी आणि त्यांचा मुलगा आदर्श असे तिघं गाडी घेऊन श्रवणबेळगोळला निघाले होते. हावेरीच्या पुढं एका ट्रकचा टायर फुटला, ट्रक दुभाजक ओलांडून अंगावर आला आणि सगळं तिथंच संपलं. धाकटी पूर्णिमा तेवढी मागं राहिली, कारण ती तापानं फणफणली होती. तिच्यासाठी म्हणून आईही निपाणीतच थांबली होती. ओळख पटवायला मी गेले. सह्या केल्या, पाणी प्याले, बाहेर येऊन ड्रायव्हरला चहा घेतला का म्हणून विचारलं. रडू आलं नाही. लोकांना वाटलं, बाई खंबीर आहे. खंबीर कसली! दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं.

भेटायला येणाऱ्यांनी मात्र काही कसर ठेवली नाही. "तीर्थाच्या वाटंवर मरण आलं, सद्गतीच की." "पुण्यवान जीव, म्हणून तिघांस्नी एकदम न्हेलं." आपल्या जैनांत देव असा कुणाला न्यायला येत नाही, ज्याचं त्याचं कर्म असतं, हे आम्हाला लहानपणी पाठशाळेत ज्यांनी शिकवलं तेच हे बोलत होते. पूर्णिमा तिथंच भिंतीला टेकून बसलेली असायची. तिच्याकडं बघून एखादी हळूच म्हणायची, "हिचंच ऱ्हायलंय काय तरी भोगायचं." मग चहा व्हायचा आणि मंडळी उठायची.

मी बेळगावात टिळकवाडीला राहते, एकटी. एका पीयू कॉलेजात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. शनिवारी तास संपले की बस धरायची आणि निपाणीला यायचं, रविवारी संध्याकाळी परत, असं माझं सुरू झालं. घर पहिल्या मजल्यावर आणि खाली अण्णाचं ठिबक सिंचनाच्या पाइपांचं दुकान. शटर ओढलेलंच असायचं, तरी जिन्यात काळ्या पाइपांचा वास यायचा. गोमटेशला मी अण्णा म्हणत असे. वर आलं की आई दार उघडायची आणि आम्ही दोघी पूर्णिमाकडं बघायचो, कारण एकमेकींकडं बघवत नव्हतं.

आणि पूर्णिमा वाळत चालली होती.

आधी तिनं रात्रीचं खाणं बंद केलं. त्यात नवल नव्हतं. आमच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही. आईनं तर लग्नाच्या आधी महाराजांसमोर तसा नियम घेतला होता आणि तो आजवर एकदाही मोडला नव्हता. बाळंतपणात नाही, टायफॉइड झाला तेव्हा नाही, बाबा गेले तेव्हाही नाही. घरात नियम न पाळणारी मी एकटीच. टिळकवाडीत रात्रीचे नऊ वाजले की मी बटाट्याची भाजी करून खाते हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. तर पूर्णिमानं पुढं तूप सोडलं. मग दही. मग साखर, आणि साखरेमागोमाग दूध. दर वेळी सकाळी आंघोळ करून बस्तीत, आमच्या जिनमंदिरात, जायची, मूर्तीपुढं हात जोडून डोळे मिटून उभी राहायची आणि देवळातून घरी येऊन सांगायची, "आज्जी, आज मी हे सोडलं." परीक्षा जवळ आली तशी ती दिवसातून एकदाच जेवायला लागली.

आता यातली गोम अशी, की त्याग केलेल्या माणसाला 'खा' म्हणायचं नसतं. नियम मोडणाऱ्यापेक्षा मोडायला लावणाऱ्याला पाप जास्त, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यामुळं पोरीच्या ताटातला एकेक पदार्थ कमी होत गेला आणि घरादारात कुणी हूं का चूं केलं नाही. दुसऱ्या कुठल्या घरात पोर अशी जेवेनाशी झाली असती तर तिला लाडीगोडी लावून नाहीतर दोन धपाटे घालून भरवलं असतं. आमच्याकडं बस्तीतल्या पुढच्या कार्यक्रमात तिला श्रीफळ द्यायचं घाटत होतं.

मग एक दिवस ती शाळेत प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली. मी रजा टाकून आले, तिला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या, रक्त तपासलं आणि माझ्यावरच डाफरले. "अहो, औषध कसलं मागताय? हिला जेवायला घाला. आणखी पंधरा दिवस असंच चाललं तर मला हिला इथं झोपवून नळीनं घालावं लागेल." पूर्णिमा स्टुलावर बसून पाय हलवत होती. मनगट एवढंसं झालं होतं, बांगडी कोपरापर्यंत चढत होती.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "तूच सांग तिला खायाला."

"मी का?"

"तू न्हाईतरी पाळत न्हाईस."

म्हणजे पाप लागायचंच असेल तर आधीच बरबटलेल्या माणसाला लागावं. हिशोब चोख होता, आणि मला रागही आला नाही. त्या शनिवारी मी मुक्कामाला आले ती हेच काम डोक्यात घेऊन.

उन्हं कलली तशी आईनं आपलं आणि पूर्णिमाचं अशी दोन ताटं केली. पूर्णिमाच्या ताटात एक भाकरी आणि नुसते उकडलेले मूग. दिवसभरातलं तेवढंच तिचं खाणं. तिनं अर्धी भाकरी मोडली, अर्धी बाजूला सारली.

"पूर्णा, दूध घे की थोडं," मी म्हणाले.

"सोडलंय, आत्ती."

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?"

"त्यास्नी म्हाईत न्हाय," ती शांतपणे म्हणाली, आणि मूगही तसेच ठेवून उठली. मी आईकडं बघितलं. आई दोन्ही ताटं उचलून आत गेली. माझं काम एवढ्यात संपलं होतं.

हात धुऊन पूर्णिमा माझ्याजवळ आली. तिच्या हातात पुस्तक होतं, खाकी कव्हर घातलेलं. "आत्ती, पाचवा भाग वाचू या? पप्पांनी चारच वाचलेत."

कव्हर बघूनच मी ओळखलं. 'पैलगावच्या गोष्टी'. आमच्या लहानपणी बाबांनी कोल्हापूरहून आणलेले पाच भाग. कव्हरं अण्णानं घातलेली, आणि दर जूनला तो ती बदलायचा. गोष्ट अशी, की चार भावंडं असतात आणि त्यांच्या घरामागच्या नदीवर धुकं पडलं की त्यात एक पूल दिसायला लागतो. पुलापलीकडं पैलगाव. तिथं डोंगरांना जांभया येतात, बैल कोडी घालतात आणि हरवलेल्या वस्तू झाडांना लागतात. फक्त दोन अटी. दिवस मावळायच्या आत पूल ओलांडायचा आणि चालताना मागं वळून बघायचं नाही. चार भाग नुसती धमाल आहे. अण्णा ते दोन्ही पोरांना वाचून दाखवायचा आणि बैलाचा आवाज काढायचा, तेव्हा खाली दुकानातल्या गिऱ्हाइकालाही हसू यायचं.

पाचव्या भागाशी मात्र माझं वैर होतं. त्यात पूल शेवटचा दिसतो. चौघं हात धरून निघतात. मधोमध आल्यावर दोन नंबरच्या इराला आठवतं, की आपण शेगडीवर दूध ठेवून आलोय. ती वळून घराकडं बघते. झालं! हात सुटतो, धुकं फाटतं, आणि पूल गेलेला असतो. बाकी तिघं कायमची पैलगावची होतात. मोठेपणी ते पान पुन्हा वाचलं की कळतं, त्या दिवशी नदीला पूर होता. लेखकानं ते सांगितलेलं नाही. शेवटी नुसतं एक वाक्य आहे: 'इरा अलीकडेच राहिली.'

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक अण्णाला फेकून मारलं होतं. म्हणजे काय? दूध उतू जाऊ द्यायचं होतं का तिनं? अण्णा पोट धरून हसला आणि तेव्हापासून त्यानं माझं नावच इरा ठेवलं. बस्तीत जायला उशीर झाला, की इरा. मी बेळगावला वेगळं बिऱ्हाड केलं, तेव्हा नातेवाईक नाकं मुरडत होते आणि हा फोनवर विचारायचा, "काय इराबाई, दूध उतू गेलं का?" गेली कित्येक वर्षं दर रविवारी सकाळी हा फोन येत असे. अजून रविवारी सकाळी माझा हात फोनकडं जातो.

तर आम्ही वाचायला बसलो. पूर्णिमा माझ्या दंडाला टेकली होती. अंगात काही वजनच नव्हतं तिच्या. मी बैलाचा आवाज काढला नाही, मला येत नाही. एकसुरी वाचत गेले, आणि खिडकीतला उजेड कमी झाला तेव्हा तिनं उठून दिवा लावला. पूल आला, दूध आलं, शेवटचं वाक्य आलं. मी पुस्तक मिटलं.

"मला शेवट म्हाईत हुता," पूर्णिमा म्हणाली. "मी आधीच वाचलाय. ते बेळगोळला गेले त्याच दिवशी, ताप हुता तवा. झोप येत नव्हती."

त्या दिवशी दुपारपर्यंत घरी काहीच कळलं नव्हतं. ती अंथरुणात हे वाचत पडली होती, आणि संध्याकाळी माणसं जमायला लागली होती.

"मग आता परत कशाला वाचायला लावलंस?" मी विचारलं.

"पुढचं तुला म्हाईत असंल म्हणून. पप्पा म्हणायचे, आत्तीला इराचं सगळं म्हाईत हाय." ती सरळ होऊन बसली. "मग इराला पूल परत कधी दिसला?"

"म्हणजे?"

"ती नंतर गेली असंल न्हवं पलीकडं. तिनं काय काय सोडलं मग? किती दिवस लागले?"

तूप, दही, साखर, दूध. केमिस्ट्रीच्या बाईला एवढं साधं समीकरण इतके दिवस दिसलं नव्हतं.

"पूर्णा," मी म्हणाले, "तू त्यासाठी सोडतीयस हे सगळं?"

"नियम मीच मोडला न्हवं," ती म्हणाली. शाळेत धडा म्हणून दाखवावा तशी सांगत होती. "दर्शन हुईस्तोवर कुणी रात्रीचं खायाचं न्हाय, असा सगळ्यांनी नियम घेतलता. आदर्शनंबी पाळला. मी वर्गातल्या ओमकारच्या वाढदिवसाला गेलते, तिथं दिवे लागल्यावर गोबी मंचुरी खाल्ली. रात्री उलटी झाली, ताप आला, मग मम्मीला कळलं. मम्मी म्हणली, नियम मोडणाऱ्या पोरीला काय न्यायचं? बस आज्जीजवळ. आणि गेले." ती थांबली. "सगळी म्हणत्यात, ते पुण्यवान हुते म्हणून गेले. मी मोडला म्हणून ऱ्हायले. इरासारखं. पण त्याग केला की कर्म जळतं, असं प्रवचनात सांगितलंय. सगळं सोडलं की मलाबी पूल दिसल."

वहिनीचं ते बोलणं मला डोळ्यांपुढं दिसलं. दिवसातून चारदा ती असं तोडून बोलायची, आणि पाचव्यांदा त्याच पोरीच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवायची. जिवंत माणसाचं वाक्य दुसऱ्या दिवशीच्या वाक्यानं पुसलं जातं. वहिनीला दुसरा दिवस मिळाला नाही, आणि पोरीजवळ तेवढं एक वाक्य उरलं. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. हात उचलला, पण तो परत पुस्तकावरच पडला.

"तसं नाही गं," मी म्हणाले.

ती भिंतीला टेकून बसली. भेटायला येणाऱ्या बायकांचं ऐकताना बसायची तशीच.

"ही इरा कोण?" आईचा आवाज आला.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. अण्णा मला इरा म्हणतो हे ती वर्षानुवर्षं ऐकत होती, पण का म्हणतो हे तिनं कधी विचारलं नव्हतं. मी तिला थोडक्यात सांगितलं. पूल, अटी, चौघं भावंडं, शेगडीवरचं दूध. तीही लक्ष देऊन ऐकत होती.

"दूध कुणासाठी ठेवलतं तिनं?" तिनं विचारलं.

"काय?"

"शेगडीवर दूध ठेवलतं म्हणतीस न्हवं? कुणासाठी?"

मी पान उघडून बघितलं. "लिहिलेलं नाही."

"लिवलेलं न्हाय म्हंजे? आपल्या एकटीसाठी कोण शेगडी पेटवून दूध तापवतंय? घरात कोण तरी असणार. म्हातारं असंल, न्हाईतर आजारी असंल. ते रात्री काय पिणार? ही वळून बघणार न्हाय तर काय करणार?" आईला खरोखरच राग आला होता. "पुस्तक लिवणाऱ्यानं जन्मात कधी दूध तापवलंय का न्हाई?"

इतक्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. अण्णालाही नाही. आम्ही इराच्या बाजूनं आणि विरुद्ध एवढं भांडलो, पण त्या दुधाची कुणीतरी वाट बघत असेल हे काही आमच्या डोक्यात आलं नाही.

आई आत वळली. गॅस पेटल्याचा आवाज झाला. बाहेर पुरता अंधार पडला होता, आणि त्या वेळी आमच्या घरात तो आवाज कधी होत नाही. पूर्णिमा आणि मी दोघीही दाराकडं बघत राहिलो. जरा वेळानं आई पेला घेऊन बाहेर आली. पेल्यात दूध होतं. एका हातानं भिंतीचा आधार घेत ती गुडघे सांभाळत आमच्यासमोर खाली बसली.

"आज्जी, दिवस मावळलाय," पूर्णिमा म्हणाली.

"दिसतंय मला."

"तुझा नियम हाय."

"हाय की. पन्नास वर्सांचा हाय." आईनं पेला दोन्ही हातांत धरला. "पूर्णा, मम्मी तुला काय म्हणली ते तू ऐकलंस. त्यानंतर मला काय म्हणली, ते तू ऐकलं न्हाईस. तू डोळं मिटून पडलीवतीस. ती जिना उतरून खाली गेलती. गाडीत बसलेली परत उतरली, वर आली, दारातनं तुझ्याकडं बघितलं आणि म्हणली, 'आई, हिनं दिवसभर काय खाल्लं न्हाई तर रात्री उठवून दूध द्या. नियम-बियम बघू नका, लेकरू हाय.' गोमटेश खालनं हॉर्न वाजवत हुता. ह्येच शेवटचं बोलली ती माझ्याशी."

पूर्णिमाचं तोंड उघडं राहिलं होतं.

"मग त्या रात्री घर माणसांनी भरलं. तुझं दूध कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय? ते ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. आज आठवलं बघ मला." "तू सोडलंयस, तर तुला मी पी म्हणणार न्हाय. तुझं तू बघ. पण लोक म्हणत्यात, पुण्यवान मंडळी पलीकडं गेली. जाऊ देत. मग अलीकडं तुझ्याजवळ कोण तरी पापी ऱ्हायला नको व्हय?"

आणि तिनं पेला तोंडाला लावला.

मी आईचा गळा हलताना बघितला. एक घोट. ज्या बाईनं टायफॉइडच्या तापात संध्याकाळनंतर पाण्याचा थेंब घेतला नव्हता, नवरा गेला त्या दिवशी उपाशी झोपली होती, तिनं आमच्या डोळ्यांदेखत दुसरा घोट घेतला. तिचे डोळे मिटलेले होते.

"नको!" पूर्णिमा किंचाळली. "आज्जी, नको पिऊस! तुझं मोडू नको!"

तिनं झेप घेऊन पेला ओढला. निम्मं दूध आईच्या लुगड्यावर सांडलं. आईचा हात पुन्हा पेल्याकडं गेला, तशी पूर्णिमा मागं सरकली आणि आजीला ते मिळू नये म्हणून पेल्यातलं उरलेलं सगळं स्वतःच घटाघटा पिऊन टाकलं. ठसका लागला, हनुवटीवरून ओघळ आला, तरी थांबली नाही. तळाशी दूध उरलं नाही ना, हे वाकून बघितलं आणि पेला उलटा करून जमिनीवर ठेवला.

"संपलं," ती धापा टाकत म्हणाली. "आता न्हाय. मी पिले सगळं. माझं मोडलंयच आधी. तुझं दोनच घोट झालेत, आज्जी. दोनाला काय हुत न्हाय न्हवं?"

"उद्या महाराजांस्नी सांगंन," आई म्हणाली. "देतील ते प्रायश्चित्त घेईन. ये हिकडं."

पूर्णिमा तिच्या ओल्या लुगड्यावर कोसळली आणि रडायला लागली. माघापासून पहिल्यांदा. आधी आवाजच फुटेना, मग फुटला तो "मम्मी, मम्मी" असा, आणि थांबेना. आई तिला घट्ट धरून पुढं-मागं डुलत राहिली. मी समोर बसून बघत होते. तेव्हाही मला काही झालं नाही, मी नुसती बघत होते.

तेवढ्यात करपल्याचा वास आला.

आई पातेलं गॅसवरच ठेवून आली होती. मी आत धावले. दूध फसफसून चारी बाजूंनी खाली येत होतं, बर्नर विझायला आला होता. गॅस बंद केला, फडकं घेतलं, ओटा पुसायला लागले. फडकं पिळलं, पुन्हा पुसलं. पुसलेली जागा पुन्हा ओली दिसायला लागली. हे कुठून गळतंय म्हणून मी पातेलं उचलून बघितलं, आणि मग कळलं, की माझ्याच हनुवटीवरून थेंब पडतायत. काय इराबाई, दूध उतू गेलं का? गेलं रे अण्णा. गेलं. मी ओट्याची कड धरून उभी राहिले. इतक्या दिवसांचं सगळं एकदम दुखायला लागलं. अण्णाचा हॉर्न, आदर्शची सायकल, वहिनीचं ते जिना चढून परत वर येणं. मला ओरडून रडायचं होतं आणि मी रडले.

किती वेळानं कोण जाणे, मागं पाय वाजले. पूर्णिमा दारात उभी होती. डोळे सुजलेले, ओठांवर दुधाची पांढरी रेघ. तिनं ओट्याकडं बघितलं, पातेल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. पातेल्यात अजून बोटभर दूध शिल्लक होतं.

"आत्ती," तिनं विचारलं, "इराचंबी दूध असंच उतू गेलतं काय गं?"

मी पदरानं तोंड पुसलं. पेला विसळला, उरलेलं दूध त्यात ओतलं आणि फळीवरचा साखरेचा डबा काढला.

"न्हाय," मी म्हणाले. "ती वेळेवर पोचली."